डिसेंबरात नागपूरजवळ दोन रात्री तंबूत: तिकडून काय आणावं, इथे काय घ्यावं

टोरांटोहून

नमस्कार मंडळी,

नाताळच्या सुट्टीत आम्ही चौघं नागपूरला येतोय. मुलं १२ आणि ९ वर्षांची. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार रामटेकच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या ओळखीच्यांच्या शेतावर तंबू ठोकायचा बेत आहे. तिथे संडास आहे, राखणदार आहे. आमच्याकडे इकडचं सामान आहे: चौघांचा तंबू, उणे १० च्या स्लीपिंग बॅगा, फोमच्या चटया, गॅसचा छोटा स्टोव्ह, बेअर स्प्रे (अस्वलासाठीचा तिखट फवारा), सॅटेलाइट मेसेंजर. विमानात या सगळ्यासाठी जेमतेम एक बॅग रिकामी आहे. त्यात काय भरू?

दोन मुलांची आई

---

धरमपेठ, नागपूर

ताई, नमस्कार.

आधी काय आणू नका ते सांगतो. सॅटेलाइट मेसेंजर घरीच ठेवा. दूरसंचार विभागाच्या आगाऊ परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तसं कुठलंही यंत्र भारतात बाळगता येत नाही, आणि विमानतळावर अशी यंत्रं सापडून परदेशी पाहुणे पोलिसांच्या ताब्यात गेले आहेत. तिकडे ती साधी सुरक्षेची वस्तू असते म्हणून कुणाच्या डोक्यातही येत नाही. मुलांचा ड्रोन असेल तर तोही नको, २०२२ पासून परदेशी ड्रोन आणण्यावर बंदी आहे. बेअर स्प्रे विमानात चढत नाही, ना हातातल्या सामानात ना खालच्या.

त्याऐवजी दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं ठेवा, आणि जागेचं नाव, राखणदाराचा नंबर, परतायची वेळ हे सगळं नागपुरात घरी एका कागदावर लिहून द्या. रुग्णवाहिकेला १०८, वनखात्याला १९२६.

जागा शेताची निवडलीत हे बरं केलंत. पेंच, बोर, उमरेड-पवनी-कऱ्हांडला, नवेगाव-नागझिरा यांच्या आत आपण आपला तंबू ठोकणं हा विषयच नाही, तिथे मुक्काम वनखात्याच्या ठरलेल्या जागीच. पण कुंपणाबाहेर जंगल संपतं असंही नाही. रामटेक, पारशिवनी, देवलापार या पट्ट्यात बिबट्या आणि वाघ शेतांतून ये-जा करतात. तेव्हा तंबू राखणदाराच्या खोलीजवळ, संडासापासून वीसेक पावलांवर. अंधार पडल्यावर आणि उजाडायच्या आधी मुलांनी एकटं बाहेर जायचं नाही. रात्री उठावं लागलं तर दोघांनी, दिवा लावून, बोलत जायचं.

आता झोपायचं सामान. माझ्या मते तुमच्या त्या एका बॅगेतली जागा यालाच द्या. नागपूरची थंडी म्हणजे काय, असं तिकडचे लोक म्हणतात. संध्याकाळी सात वाजता १८-२० अंश असतात, त्यामुळे ते पटतंही. पण पारा रात्रभर उतरत जातो आणि सगळ्यात खाली असतो तो सूर्योदयाच्या जरा आधी, म्हणजे साडेसहाच्या सुमारास. शहरात १२-१३ असेल तर उघड्या शेतात, तलावाच्या बाजूला त्याहून दोन-तीन कमी धरा. थंडीची लाट आली तर शहरातच ८ च्या खाली जातो. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश नोंदले गेले होते.

तरी उणे १० ची बॅग इथे चुकीची. रात्री दहाला त्यात घाम येतो, माणूस चेन उघडून झोपतो, घामाने अस्तर ओलसर होतं आणि पहाटे त्याच ओलीने कुडकुडतो. बॅगेवर तापमानाचे तीन आकडे असतात: कम्फर्ट, लिमिट, एक्स्ट्रीम. एक्स्ट्रीम म्हणजे जीव वाचण्याची हद्द, झोपेची नव्हे. फक्त कम्फर्ट बघा, तो ५ च्या आसपास हवा, आणि चेन पायापर्यंत पूर्ण उघडणारी. तशी बॅग नसेल तर तिकडे नवीन घेऊ नका. इथे घरोघरी गोधड्या आणि रजया आहेत, गाडीने जायचं आहे, वजनाचा प्रश्न नाही. माणशी एक गोधडी खाली, एक रजई वर, कानटोपी आणि झोपण्यापुरते वेगळे कोरडे मोजे. हे पुरतं.

खालून येणारी थंडी मात्र गोधडीने अडत नाही. अंगाच्या वजनाने खालचा कापूस दबतो, त्यात अडकलेली हवा निघून जाते, आणि ऊब धरणारी चीज ती हवाच असते. फोमची चटई दबत नाही म्हणून ती हवी. चटईवर आर-व्हॅल्यू, म्हणजे ती थंडी किती अडवते त्याचा आकडा, लिहिलेली असते. साध्या १० मिलीमीटर फोमची दीड ते दोनच्या घरात जाते, इथे दोन-अडीच असली की निभतं. एकावर एक दोन चटया घातल्या तर आकड्यांची बेरीज होते. तेव्हा चार चटया तिकडून आणा, बॅगेच्या बाहेर बांधल्या तरी चालतात. पोहायच्या तलावात वापरतात तसल्या फुगवायच्या गाद्या नकोत. आत नुसती हवा खेळती असते, रात्रभर पाठीची ऊब जमिनीला देत बसते.

शेतावर कुणी प्रेमाने म्हणेल, तंबूखाली तणस अंथरून देतो, ऊब राहील. नम्रपणे नाही म्हणा. धानाच्या तणसात उंदीर, विंचू, किडे बसलेले असतात आणि एक ठिणगी पडली तर ते पेट घेतं.

धरमपेठचा काका

---

त्रिमूर्तीनगर, नागपूर

ताई, काकांनी थंडीचं लिहिलंय, मी तंबूच्या तळाचं लिहिते, कारण डॉक्टर म्हणून मला त्याचीच जास्त काळजी.

तळ शिवलेला आणि जाळी चारही बाजूंनी बंद होणारी, अशाच तंबूत झोपायचं. नुसती ताडपत्री ताणून खाली सतरंजी, हा प्रकार विदर्भात नको. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणातच चावते. दंश इतका बारीक असतो की जागही येत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही. सूज नाही म्हणून लोक पित्त समजून थांबतात, आणि तिथेच घात होतो. अशी लक्षणं दिसली की दंशाची खूण शोधत बसू नका. बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. हात-पाय हलू न देता आडवं ठेवून थेट रुग्णालय. रामटेकहून नागपूरच्या मेडिकलला (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) गाडीने तासाच्या वर लागतो, म्हणून निघतानाच फोन करून सांगा, आणि प्रतिविष जवळ कुठे मिळेल ते १०८ वर विचारा. थंडीत साप कमी दिसतात, पण दिसत नाहीत असं नाही.

यासाठी खर्च शून्य आहे: चेन. आत जाताना, बाहेर येताना, दर वेळी पूर्ण बंद. मुलांकडून दिवसभरात चार वेळा करून घ्या, रात्री आपोआप होतं. बूट आत घ्या, पिशवीत घाला, सकाळी उपडे करून झटका.

दुसरं गवत. नागपूर जिल्ह्यात स्क्रब टायफस आहे. २०१८ मध्ये त्याची मोठी साथ आली होती. गवत-झुडपांतल्या अगदी बारीक किडीच्या पिल्लांमुळे तो होतो. पावसाळ्यानंतर जोर जास्त असतो, डिसेंबरात कमी. लांब पँट मोज्यात खोचलेली, पूर्ण बाह्या, गवतावर थेट बसणं-लोळणं नाही. कपड्यांवर मारायचा पर्मेथ्रिनचा (किडे मारणाऱ्या औषधाचा) फवारा कॅनडात विकत नाहीत, पण ते औषध लावलेले तयार कपडे मोठ्यांसाठी मिळतात, ते तुम्ही दोघं आणा.   अंगाला डीईईटीचं (किडे दूर ठेवणारं) मलम, मुलांना ३० टक्क्यांच्या वर नको. परतल्यावर साधारण तीन आठवड्यांत कुणालाही जोराचा ताप आला तर तिकडच्या डॉक्टरांना "भारतात जंगलाजवळ राहिलो होतो" हे स्वतःहून सांगा आणि अंगावर काळी खपली आहे का बघा, काखेत, जांघेत, पट्ट्याखाली. तिकडे हा आजार कुणाच्या चटकन लक्षात येत नाही. वेळेत कळला तर डॉक्सिसायक्लिनने बरा होतो.

तंबूत शेगडी, निखारे, गॅस काहीही पेटलेलं न्यायचं नाही. "दोन मिनिटं ऊब येऊ दे" म्हणतात, आणि कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग.

औषधांच्या डब्यात ओआरएस, सेटिरिझिन, पॅरासिटामॉल (मुलांचं वजनाप्रमाणे), क्रेप बँडेज २, चिमटा, पोव्हिडोन आयोडीन. बस.

डॉक्टर वहिनी

---

मिसिसागाहून

वहिनी, काका, फार कामाचं लिहिलंत. ताई, विमानाचं मी जोडतो. गॅसचा डबा कुठल्याच बॅगेत चालत नाही, लायटर आणि काडेपेटीही भारतात येता-जाता काढून घेतात. वापरलेल्या स्टोव्हला इंधनाचा वास असला तर तो बॅगेतून बाजूला काढला जातो. पॉवर बँक हातातल्याच सामानात, १०० वॉट-अवरच्या आत, म्हणजे साधारण २७००० एमएएचपर्यंत. खुंट्या, सुरी, हातोडी खालच्या सामानात.

पण काका, तिकडे आट्यांचा, म्हणजे स्टोव्हला फिरवून बसतो तसला, गॅसचा डबा मिळेल का? नाहीतर ताईंचा स्टोव्ह काय कामाचा?

---

धरमपेठ, नागपूर

भाऊ, बरोबर विचारलंत. आट्यांचा डबा ऑनलाइन मागवता येतो, पण ताईंच्या दोन दिवसांसाठी ती धावपळ नको. घरातला ५ किलोचा छोटा सिलिंडर आणि एक बर्नर गाडीत टाका. तो उभाच ठेवायचा, दोराने बांधून, काचा थोड्या उघड्या. डब्यावरच करायचं असेल तर हिशेब असा: झाकण ठेवून, वारा नसताना १ लिटर पाणी उकळायला साधारण १५ ग्रॅम गॅस जातो. चौघांचा दोन वेळचा चहा, एक वेळ खिचडी, भांड्यांना गरम पाणी, असं दिवसाला ७-८ लिटर धरा. म्हणजे दोन दिवसांना २२०-२३० ग्रॅमचा एक डबा आणि वाऱ्याच्या भीतीने दुसरा. नुसत्या ब्युटेनचा डबा थंड पहाटे मंद पडतो, कारण गॅस बाहेर येताना डबा आणखी गार होतो. रात्री तो राखणदाराच्या खोलीत ठेवा, सकाळी हातात धरून कोमट करा. विस्तवाजवळ नेऊ नका, आणि वारा अडवायला डब्याभोवती पत्रा गुंडाळू नका, उष्णता परत डब्यावर येते.

पाणी नागपुरातूनच: २० लिटरचे दोन कॅन. माणशी दिवसाला ४ लिटर पिणं-स्वयंपाक, बाकी हात-तोंड. पोकळ तंतूंचा फिल्टर जिवाणू अडवतो, विषाणू नाही. विहिरीचं पाणी भांड्यांना.

खाण्याला माकडं आणि रानडुकरं येतात. सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात, डबे गाडीत, तंबूत बिस्किटाचा पुडाही नको. संत्र्याची सालं झाडाखाली न टाकता पिशवीत भरून परत आणा.

तंबू तिकडचाच आणा, पण आधी एकदा अंगणात उभा करून, वरच्या कापडावर बादलीभर पाणी ओतून शिवण बघा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे अवकाळी पाऊस, कधी गाराही पडतात. पाऊस नसला तरी वरचं कापड लावायचंच, दव बरंच पडतं. झरोके उघडे ठेवा, नाहीतर श्वासाची वाफ आतून ठिबकते आणि तंबू गळतोय असं वाटतं. खाली ताडपत्री घालाल ती तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी ५ सेंटीमीटर लहान. बाहेर डोकावली की पाणी आत ओढून तळाखाली तळं करते. ताडपत्री आणि दोर इतवारीत घ्या, कानटोप्या बर्डीवर.

तंबूबरोबर आलेल्या बारीक खुंट्या मात्र इथे टिकणार नाहीत. रामटेककडे बऱ्याच जागी वर बोटभर माती आणि खाली मुरूम. तिसऱ्या घावाला खुंटी वाकते. काळ्या मातीच्या शेतात उलटं: डिसेंबरात जमीन भेगाळायला लागलेली असते, छोटी खुंटी हाताने उपटते. कुठल्याही वेल्डिंगच्या दुकानात ८ मिलीमीटरची सळई ३० सेंटीमीटरचे १२ तुकडे करून घ्या, एक टोक निमुळतं, दुसरं आकड्यासारखं वाकवलेलं. ठोकताना वरचं टोक तंबूपासून दूर झुकलेलं ठेवा, दोर खुंटीला काटकोनात ओढला गेला पाहिजे. दोराला पांढरी चिंधी बांधा, मुलं अंधारात अडखळतात. फायबरची काठी जोडाजवळ उभी चिरते, त्यासाठी काठीवर सरकेल असा १० सेंटीमीटरचा धातूच्या नळीचा तुकडा आणि चिकटपट्टी ठेवा.

जागा बघताना आधी वर बघा. वाळकी फांदी नको आणि आग्या मोहोळ तर अजिबात नको. धूर लागला की मधमाश्या उठतात, मग पळायला जागा पुरत नाही. शेकोटी त्यापासून खूप लांब, तंबूपासून निदान ५ मीटर, भोवतालचा सागाचा पालापाचोळा ३ मीटरपर्यंत झाडून लख्ख. लाकडं विकत आणा, जंगलातून गोळा करू नका.

धरमपेठचा काका

---

टोरांटोहून

काका, वहिनी, भाऊ, यादी झाली: तंबू, ४ चटया, औषध लावलेले कपडे, डोक्याचे दिवे. बाकी तिकडे. दोन शंका. दिवे किती प्रकाशाचे? आणि मुलांना रोडगे खायचेत, गोवऱ्यांवर भाजले तर चालेल ना?

---

धरमपेठ, नागपूर

ताई, २०० ते ३०० ल्युमेन भरपूर, लाल प्रकाशाची सोय असलेले घ्या, माणशी एक, आणि सेल जास्तीचे. लाल प्रकाशात डोळे अंधाराला सरावलेले राहतात. तुमच्या जागेच्या पलीकडचा पेंच व्याघ्र प्रकल्प २०२४ मध्ये देशातला पहिला डार्क स्काय पार्क झाला, तेव्हा मुलांना तारे दाखवायचे असतील तर पांढरे दिवे तासभर बंद ठेवा.

रोडगे अवश्य करा. चौघांना १५-२० गोवऱ्या पुरतात. ज्वाळा विझून लाल निखारा झाल्यावरच रोडगे घाला, आधी घातले तर वरून करपतात, आत कच्चे राहतात. गोवरीचा निखारा वरून राख दिसली तरी आत कित्येक तास धगधगत राहतो. जेवण झालं की निदान १० लिटर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, मग राखेवर हाताची मागची बाजू धरून बघा. ऊब लागली तर परत पाणी. हे पाणी पिण्याच्या कॅनमधलं नको, विहिरीवरून बादल्या आधीच भरून ठेवा, रात्री विहिरीकडे जायचं नाही.

धरमपेठचा काका

ता.क. सळईचे तुकडे मी करवून ठेवतो. तंबूच्या कोपऱ्यांना कड्या आहेत की पट्ट्या, तेवढं कळवा, आकडा त्या मापाचा वाकवून घेतो.