मायामी २०२४ : खापर कॅम वॉर्डवर नको

मायामीच्या कॉलेज (अमेरिकन) फुटबॉल संघाचा २०२४ चा हंगाम फसला, त्याचा दोष क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) कॅम वॉर्डला दिला जातो, तो पटत नाही. ९-० (नऊ विजय, एकही पराभव नाही) असलेली मायामी जॉर्जिया टेककडून २८-२३ हरली, तेव्हाच बचावाचं पितळ उघडं पडलं होतं. विरोधकांची रन (चेंडू घेऊन धावत पुढे सरकणं) थांबवताच येईना. सिरॅक्यूसविरुद्ध तर २१-० आघाडी घालवली! पण खरी माती शेवटी खाल्ली. ४२-३५ पिछाडी, चौथा डाउन (चार प्रयत्नांतला शेवटचा), गोल लाइन १० यार्डांवर, ३:४२ मिनिटं बाकी, आणि मायामीचा प्रशिक्षक क्रिस्टोबालनं फील्ड गोल (चेंडूला लाथ मारून मिळणारे ३ गुण) घेतला. ४२-३८. म्हणजे टचडाउन (चेंडू गोल लाइनपार नेऊन ६ गुण) अजून हवाच, वर चेंडूही सिरॅक्यूसकडे. सिरॅक्यूसचा क्वार्टरबॅक मॅकॉर्डला दिवसभर न रोखलेल्या बचावावर भिस्त? चेंडू परत मिळालाच नाही. चौथ्या डाउनला टचडाउनसाठी खेळून फसले असते, तर निदान सिरॅक्यूस स्वतःच्या गोल लाइनपाशी अडकली असती.