बर्कच्या नोट्समधले 'डॉ. प्राइस' नेमके कोण?

गिरणाकाठ (एम.ए. राज्यशास्त्र, जळगाव)
राम राम मंडळी. एडमंड बर्क (फ्रेंच क्रांतीवर टीका करणारा अठराव्या शतकातला ब्रिटिश विचारवंत) शिकताना प्रत्येक गाइडात एक ओळ असतेच: 'डॉ. प्राइस यांच्या प्रवचनाला उत्तर म्हणून बर्कने ग्रंथ लिहिला.' पुढे प्राइसबद्दल अवाक्षर नाही. वर्गात पंधरा मिनिटांचं सादरीकरण रिचर्ड प्राइसवर करायचं आहे. माणूस इंग्रज की वेल्श? बर्क सांगतो ते तीन हक्क म्हणजेच त्याचा विचार का? आणि संख्याशास्त्रवाले बेझबरोबर ज्या प्राइसचं नाव घेतात तो हाच, की दुसरा?

तत्त्वज्ञान_अमळनेर
दोघंही एकच, आणि माणूस वेल्श. जन्म २३ फेब्रुवारी १७२३, ग्लॅमॉर्गनमधलं लँगाइनॉर गाव. बाप डिसेंटर धर्मोपदेशक, म्हणजे राजमान्य चर्चबाहेरचा. अशा घरातल्या मुलांना ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी मिळत नसे, म्हणून शिक्षण डिसेंटरांच्या अकादमीत, लंडनला. १७५८ पासून लंडनजवळच्या न्यूइंग्टन ग्रीनला उपदेशक. त्याच वर्षी नीतिशास्त्रावरचा मोठा ग्रंथ. योग्य-अयोग्य हे भावनेला नाही, बुद्धीला कळतं, असं त्यात हचेसन या भावनावादी तत्त्वज्ञाच्या विरोधात मांडलंय. हे सोडू नका, पुढचं राजकारण याच पायावर उभं आहे. थॉमस बेझ १७६१ ला वारला. त्याचा संभाव्यतेवरचा निबंध प्राइसनेच नीट करून रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेकडे पाठवला. मृत्यू १९ एप्रिल १७९१. चरित्रावर तीन मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका.

आता हक्क. इथे जवळजवळ सगळी गाइडं चुकतात, कारण ती प्राइस न वाचता बर्कवरून उतरवतात. ४ नोव्हेंबर १७८९ च्या प्रवचनात, इंग्लंडमध्ये राजाला हटवणाऱ्या १६८८ च्या क्रांतीची तत्त्वं म्हणून प्राइस तीन हक्क सांगतो: धर्माच्या बाबतीत विवेकस्वातंत्र्य; सत्तेचा गैरवापर झाला तर प्रतिकार; आणि तिसरा, आपले राज्यकर्ते निवडणं, गैरवर्तनाबद्दल त्यांना काढून टाकणं व आपलं शासन आपण घडवणं. बर्कने या तिसऱ्याचेच तीन तुकडे केले आणि तेच 'तीन हक्क' म्हणून खोडून काढले. पहिले दोन त्या यादीतून गायब. डिसेंटर माणसाच्या दृष्टीने विवेकस्वातंत्र्य पहिलं का येतं, हे मग विद्यार्थ्याला समजतच नाही. सादरीकरणात दोन्ही याद्या शेजारी-शेजारी ठेवा, अर्धं काम तिथेच होतं.

सातपुडा_७
वरच्याला जोड. प्रवचनापेक्षा १७७६ चं नागरी स्वातंत्र्यावरचं पुस्तक जास्त महत्त्वाचं आहे, असं माझं मत. शारीरिक, नैतिक, धार्मिक आणि नागरी अशी स्वातंत्र्याची चार रूपं तो सांगतो. चारींच्या मुळाशी एकच कल्पना, स्वतःचा कारभार स्वतः चालवणं. म्हणून दुसऱ्या देशाच्या संसदेच्या मर्जीवर चालणारा देश गुलामच, मग ती संसद कितीही दयाळू असो. शासन लोकांच्या संमतीवर उभं असतं म्हणणाऱ्या जॉन लॉकशी तुलना करायची तर इथे करा: प्राइस संमतीवर थांबत नाही, सतत चालणारा स्वशासनाचा हक्क मागतो.

आपल्या वर्गाला भिडेल असा मुद्दा याच पुस्तकात आहे. अमेरिकेबद्दल लिहिता लिहिता तो हिंदुस्थानकडे बोट दाखवतो: लुटीच्या हव्यासाने इंग्रजांनी तिथे राज्यंच्या राज्यं ओस पाडली, म्हणतो. मात्र त्यात आपला भाग धरू नका: खान्देश तेव्हा पेशवाईत होता. इंग्रज इथे १८१८ ला आले.

गिरणाकाठ
याद्यांचं लक्षात आलं. पण प्राइसने फ्रान्सच्या राजाच्या अपमानाचा आनंद साजरा केला, हा बर्कचा आरोप खरा का? सर हाच प्रश्न विचारणार.

तत्त्वज्ञान_अमळनेर
उत्तर तारखांत आहे. ६ ऑक्टोबर १७८९ ला जमावाने राजाला व्हर्सायहून पॅरिसला आणलं, प्रवचन त्यानंतर महिन्याभराने. प्रवचनाच्या शेवटी विजयाने नेल्या जाणाऱ्या राजाचा उल्लेख आहे, त्यामुळे बर्कने ६ ऑक्टोबर धरणं अगदीच ओढूनताणून नाही. पण चौथ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत प्राइस खुलासा करतो की आपल्या मनात जुलैमधल्या घटना होत्या. दोन्ही बाजू सांगा आणि निकाल देऊ नका. प्रवचनाची जुनी प्रत वापरलीत तर हा खुलासा सापडणार नाही, एवढं बघा.

विमा_गणित
एक बाजू राहिली. प्राइस आयुर्विम्याच्या गणितातला मोठा माणूस होता. १७७१ चं वर्षासनांवरचं (आधी रक्कम भरून पुढे दरवर्षी ठरावीक पैसे मिळण्याची सोय) पुस्तक त्याचं. इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टन गावच्या दफनांवरून त्याने मृत्यूदराचा तक्ता बनवला. तिथे बाप्तिस्मे दफनांपेक्षा कमी दिसले, म्हणून बाहेरून लोक येत असावेत असं धरलं. खरं तर गावात बॅप्टिस्ट कुटुंबं बरीच होती. त्यांच्यात तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करत नाहीत, त्यामुळे ते जन्म नोंदीत आलेच नाहीत. तक्त्यात मृत्यू प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू लागले.

परिणाम उलटसुलट झाला. विमा कंपनीला फायदा, कारण लोक लवकर मरतील या हिशेबाने हप्ते जास्त घेतले होते. सरकारने मात्र १८०८ पासून याच तक्त्यावर वर्षासनं विकली. घेणारे तक्त्यापेक्षा जास्त जगले आणि तिजोरीला खड्डा पडला. १८२८ ला ती विक्री थांबवावी लागली.

राष्ट्रीय कर्ज फेडायच्या निधीवरही त्याने १७७२ ला लिहिलं आणि ब्रिटिश पंतप्रधान पिटने १७८६ ला तसा निधी उभारला. येशूच्या जन्मावेळी ५ टक्के चक्रवाढीने ठेवलेल्या एका पेनीचं पृथ्वीएवढ्या कोट्यवधी सोन्याच्या गोळ्यांइतकं धन होईल, हा हिशेब त्याचाच. सरळव्याजाने तीच पेनी जेमतेम सात शिलिंग साडेचार पेन्स. मार्क्सने पुढे या चक्रवाढीची यथेच्छ खिल्ली उडवली. वेळ उरला तर सांगा, वर्ग जागा होतो.