मदत हवी आहे: बर्फाच्या तैलचित्राचा चित्रकार कोण आणि पांढरा रंग का सुटतोय?

चित्र जळगावात आहे. १८ × २४ इंच कॅनव्हास, बर्फातली पायवाट, निष्पर्ण झाडं. उजव्या कोपऱ्यात सही आहे, पण पहिली दोनच अक्षरं लागतात. मागच्या लाकडी चौकटीवर शिक्का नाही.

अंधारात यूव्ही टॉर्च मारला तर बर्फाचा भाग पिवळट-हिरवा चमकतो, म्हणजे बहुधा झिंक व्हाइट (जस्तापासून बनवलेला पांढरा रंग). (जुनं व्हार्निशही हिरवट चमकतं, म्हणून व्हार्निश नसलेल्या कडेवर पाहिलं.) सही गडद दिसते. ती व्हार्निशवर नंतर केलेली असेल का? तसं असेल तर नावावर विसंबण्यात अर्थ नाही.

खरी काळजी बर्फाची. झिंक व्हाइट तेलात कडक, ठिसूळ होतो. त्यात आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर आणि लगेच पावसाळी दमट हवा. कॅनव्हास ताणतो, सैलावतो, रंग तडकतो. पापुद्रे उभे राहिलेत. कापूस फिरवलेला नाही, फेव्हिकॉल तर नाहीच नाही!

धुळे, जळगाव, नाशिककडे जपानी टिश्यू (अगदी पातळ कागद) लावून पापुद्रे बसवणारं कुणी आहे का? की थेट मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रात विचारावं? नेताना गुंडाळायचं नाही, आडवं आणि रंगाची बाजू वर, एवढं ठरलंय. पण पृष्ठभागाला न टेकता झाकायचं कसं?