जपानी लागर पाण्यासारखी का लागते? नीट चव घ्यायची तर कशी घ्यायची?

गव्हाळ_घोट
मंडळी, एक प्रश्न आहे आणि मनापासून विचारतोय. मी एरवी व्हीट बिअर (गव्हाची) किंवा आयपीए (कडवट, उग्र वासाची बिअर) पिणारा, म्हणजे ग्लास नाकाजवळ नेला की लगेच काहीतरी जाणवलं पाहिजे अशी सवय. परवा एका मित्राने बाहेरून येताना दोन गोष्टी आणल्या, एक असाही सुपर ड्राय या जपानी लागरचा (थंडाव्यात सावकाश आंबवलेल्या बिअरचा) कॅन आणि दुसरी एका आशियाई ब्रँडची हिरवी बाटली. कॅन फ्रीजमधून काढला आणि तसाच तोंडाला लावला, तर थंडगार, फसफसणारं आणि पुढे काहीच नाही, दोन मिनिटांत संपला पण लक्षात काही राहिलं नाही. हिरवी बाटली उघडली तर उग्र वास, जळकं रबर आणि लसूण एकत्र केल्यासारखा. मित्र म्हणे तिकडच्या बिअरला असाच वास असतो. खरं आहे का हे? एवढे लोक आवडीने पितात म्हणजे त्यात काहीतरी असणारच, ते मला का सापडत नाहीये?

थंड_तळघर
तुम्ही चव चुकीच्या जागी शोधताय असं मला वाटतं. व्हीट बिअरमध्ये सगळा खेळ सुरुवातीला असतो, केळं, लवंग, संत्र्याची साल, जे काय असेल ते वासातच कळतं. सुपर ड्राय १९८७ साली आली तीच मुळी शेवटासाठी, म्हणजे गिळल्यावर तोंडात जे उरतं त्यासाठी. जपानीत अशा कोरड्या चवीला 'काराकुची' म्हणतात, हा शब्द साकेच्या (तांदळाच्या जपानी दारूच्या) बोलण्यातला, गोडसर साकेला 'आमाकुची' आणि कोरड्या, गोडवा मागे न ठेवणाऱ्या साकेला 'काराकुची'. मॉल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या जवाच्या) जोडीला तांदूळ, मका, स्टार्च वापरायचं आणि यीस्टला साखर जवळजवळ पूर्ण खाऊ द्यायची, म्हणजे जिभेवर चिकटपणा उरत नाही. लोकांना ते इतकं आवडलं की पुढच्याच वर्षी तिथल्या बाकीच्या मोठ्या कंपन्यांनीही आपापली ड्राय बिअर बाजारात उतरवली.

तर पुढच्या वेळी असं करा. कॅन फ्रीजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवा, कारण बर्फासारख्या गार बिअरमध्ये जीभ बधिर होते आणि वासही वर येत नाही. साधारण ५ ते ७ अंश बरं. ग्लास स्वच्छ हवा, जरा जरी तेलकटपणा राहिला तरी फेस बसतो. आधी जरा उंचावरून ओतून भरपूर फेस होऊ द्या, तो खाली बसला की कडेने हळू भरा, मग शेवटी थोडं अजून. जपानमध्ये सात भाग बिअर तीन भाग फेस असं प्रमाण धरतात आणि ते दिसायला छान म्हणून नाही, फेसाच्या झाकणाखाली बिअरचा हवेशी संबंध कमी येतो आणि ओतताना जास्तीचा गॅस निघून गेल्यामुळे घोट मऊ लागतो. आता घोट घ्या, गिळा आणि गिळल्यावर थांबा. आधी धान्याचा हलका गोडवा, मग तो एकदम कापल्यासारखा तुटतो आणि जिभेच्या मागच्या बाजूला बारीक कडवटपणा राहतो. ते तुटणं म्हणजेच ही बिअर.

तपकिरी_बाटली
हिरव्या बाटलीबद्दल मी सांगतो कारण या गैरसमजाचं मला फार वाईट वाटतं. तो वास कुठल्याही देशाचा नाही, तो उजेडाचा आहे!! हॉप्समुळे (बिअरमध्ये घालतात त्या वेलीच्या फुलांमुळे) जो कडवटपणा येतो त्या रेणूंवर उजेड पडला की ते तुटतात आणि गंधकाचं एक संयुग तयार होतं. ते इतकं तीव्र असतं की एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं, आणि स्कंक नावाचा प्राणी जो घाण वास सोडतो त्याच्याच जातकुळीतलं आहे. तपकिरी काच हा उजेड बराच अडवते, हिरवी फार कमी, पारदर्शक जवळपास नाहीच, कॅनमध्ये तर प्रश्नच नाही. मी स्वतः करून पाहिलंय, एकाच कॅनमधली बिअर दोन ग्लासांत ओतली, एक कपाटात ठेवला, दुसरा खिडकीत उन्हात, पंधरा मिनिटांत उन्हातल्या ग्लासाला तोच लसणीचा वास यायला लागला आणि कपाटातला जसाच्या तसा.

आयात बिअरमध्ये दुसरा धोका उष्णतेचा. लांबचा प्रवास, गोदाम, तिथे तापली की ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. म्हणून तारीख बघून ताजी घ्या, आणि दिव्याखाली मांडलेल्या बाटलीपेक्षा बंद खोक्यातली मागा.

जवाचा_दाणा
वरचं सगळं पटलं, पण 'आशियाई लागर' म्हणजे एकच चव असं कृपया धरू नका. जपानच्या साप्पोरो बिअरचा कारखाना १८७६ मध्ये होक्काइदो बेटावर सुरू झाला आणि तिथला ब्रूअर नाकागावा सेइबेई जर्मनीत शिकून आला होता. चीनची त्सिंगताओ १९०३ ची, तिचं शहर चिंगदाओ जर्मनांच्या ताब्यात होतं तेव्हाची. सान मिगेल मनिलात १८९० पासून, म्हणजे स्पॅनिश अमलातली. थायलंडची सिंघा १९३३ ची, तिच्यात मॉल्ट भरपूर जाणवतो आणि कडवटपणाही. लाओसची बिअरलाओ तांदळावर उभी, तिला मऊ गोडसर बाजू आहे. गव्हाळ भाऊ, तुम्ही सुपर ड्रायच्या शेजारी किरीन इचिबान ठेवून प्या, तीही जपानीच पण सगळी मॉल्टची, आणि धान्यातून पहिल्यांदा निथळणारा रसच फक्त वापरतात, नावाचा अर्थच तो. एकेक घोट आळीपाळीने घेतलात की फरक आपोआप कळेल, एकटी बिअर पिऊन तुलना होत नाही.

गव्हाळ_घोट
केलं आज! दोन्ही कॅन, दोन सारखे ग्लास, दहा मिनिटं बाहेर. आधी इचिबान, तिला पावाच्या कडेसारखा भाजका गोडसर वास होता आणि गिळल्यावर तो गोडवा बराच वेळ रेंगाळला. मग लगेच सुपर ड्राय, आणि ते 'तुटणं' म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं, तोंड एकदम कोरडं आणि हात परत ग्लासकडे. अर्ध्या ग्लासानंतर थोडी कोमट झाली तेव्हा तांदळाच्या पेजेसारखं काहीतरी पुसट आलं, ते मला सगळ्यात आवडलं. मित्राला हिरव्या बाटलीचं विचारलं, ती महिनाभर त्याच्या काचेच्या कपाटात ट्यूबलाइटखाली होती. आता पुढची सिंघा, बंद खोक्यातली.