जुन्या अंकांसाठी वेबसाइटवर फाइल ब्राउझर: एलफाइंडर घ्यावा की स्वतः लिहावा?

जुनेअंक:
मासिकाच्या जुन्या अंकांच्या पीडीएफ वर्षवार फोल्डरांत आहेत. वाचकांना फोल्डर, फाइलींची यादी, शोध आणि डाउनलोड एवढंच द्यायचंय. अपलोड फक्त संपादकांना. पीएचपी ८.२, पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर. नावं बहुतेक देवनागरीत. एलफाइंडर हा तयार फाइल मॅनेजर बसवू का? शिवाय चाचणीत 'कऱ्हाड' शोधलं की निम्म्याच फाइली सापडतात आणि १२ एमबीची फाइल चढवली की ४१३ एरर येतो.

मागचीबाजू:
नुसतं बघायचं असेल तर एलफाइंडर नको. नाव बदलणं, खोडणं, झिप सोडवणं असं बरंच त्यात येतं आणि ते आठवणीने बंद करावं लागतं. २०२० मध्ये वर्डप्रेसच्या डब्ल्यूपी फाइल मॅनेजर प्लगिनमध्ये एलफाइंडरची नमुना कनेक्टर फाइल चालू राहून गेली होती. लॉगिनशिवाय कुणालाही सर्व्हरवर पीएचपी फाइल चढवता येत होती.

पीडीएफ वेबरूटच्या, म्हणजे वेबवरून थेट उघडणाऱ्या फोल्डरच्या, बाहेर ठेवा. ब्राउझरकडून फक्त सापेक्ष पाथ घ्या, मूळ फोल्डरला जोडा, पीएचपीच्या रिअलपाथ फंक्शनमधून काढा आणि निकाल मूळ फोल्डरपासूनच सुरू होतो का ते तपासा. तुलना करताना मूळ फोल्डरच्या शेवटी तिरकी रेघ हवीच. ती नसेल तर 'अंक'बरोबर शेजारचं 'अंक-खासगी'ही पास होतं. रिअलपाथ सिमलिंकही उलगडतं, त्यामुळे बाहेर नेणारी लिंक इथेच अडते. फाइल नसेल तर फॉल्स मिळतं, तिथे सरळ ४०४ द्या. ही तपासणी एकाच फंक्शनमध्ये लिहा आणि यादी व डाउनलोड दोन्हीकडे तेच वापरा. डाउनलोडकडे ती राहून जाते आणि भोक तिथेच पडतं.

डाउनलोड पीएचपीतून वाचून पाठवू नका, मंद नेटवरचा एक वाचक पीएचपीचा एक वर्कर (विनंत्या हाताळणारी प्रक्रिया) अडवून बसतो. एक्स-ॲक्सेल-रीडायरेक्ट हेडर द्या, एनजिनएक्समधलं लोकेशन 'इंटरनल' (बाहेरून थेट न उघडणारं) ठेवा, बाकी एनजिनएक्स बघून घेतं. हेडरमधल्या पाथचा प्रत्येक भाग वेगळा पर्सेंट-एन्कोड करा, मधल्या तिरक्या रेघा तशाच राहू द्या.

४१३ एनजिनएक्सकडून येतोय: क्लायंट मॅक्स बॉडी साइझ मुळात १ एमबी असतं. ते वाढवलंत की पीएचपी अडवेल. तिथे अपलोड मॅक्स फाइलसाइझ २ एमबी आणि पोस्ट मॅक्स साइझ ८ एमबी. पोस्टची मर्यादा अपलोडपेक्षा जास्तच ठेवा. ती ओलांडली तर फाइल्सचा ॲरे रिकामाच येतो, एरर कोडसुद्धा मिळत नाही, आणि माणूस फॉर्ममध्ये चूक शोधत बसतो.

लिपिकार:
'कऱ्हाड'चं कारण 'ऱ'. हे अक्षर युनिकोडमध्ये एका कोडबिंदूनेही (एका क्रमांकानेही) लिहिता येतं आणि र अधिक नुक्ता असंही. दिसायला एकच, बाइट वेगळे. जुन्या मॅकच्या एचएफएस प्लस डिस्कवर नावं दुसऱ्या रूपात साठतात. पीएचपीच्या इंटल एक्स्टेन्शनमधला नॉर्मलायझर एनएफसी (सुटे भाग एका कोडबिंदूत जोडणाऱ्या) रूपात लावला की ही दोन्ही एक होतात. तिसरं रूप मात्र सुटतं: र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह). ते हाताने 'ऱ्' करावं लागतं. नुसता झेडडब्ल्यूजे काढलात तर रफार होतो.

क्रम लावायला पीएचपीचं नॅटसॉर्ट चालणार नाही, त्याला देवनागरी अंक कळत नाहीत. 'अंक १०' हा 'अंक २'च्या आधी येतो. वाचकाच्या ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टचा इंटल कोलेटर 'एमआर' (मराठी) लोकेल आणि न्यूमेरिक चालू करून वापरा.

नावांची लांबीही बघा. लिनक्सच्या ईएक्सटी४ डिस्कवर नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचा प्रत्येक कोडबिंदू ३ बाइट खातो. काना-मात्रा-हलन्त धरून ८५ झाले की संपलं.

जुनेअंक:
मग डिस्कवरची नावंच एकदा बदलून टाकू का?

लिपिकार:
नको, आधी वाटलेल्या लिंका तुटतील. शोधासाठी वेगळी यादी करा: एका रकान्यात सुधारलेलं रूप, दुसऱ्यात डिस्कवरचं नाव जसंच्या तसं. वाचकाने टाइप केलेला शब्द त्याच सुधारणेतून काढून पहिल्या रकान्याशी जुळवा. लिंक मात्र दुसऱ्या रकान्यातूनच बनवा. लिनक्स बाइट जुळवतं, सुधारलेलं नाव दिलंत तर फाइल असूनही ४०४ येईल. नव्या अपलोडचं नाव तेवढं साठवतानाच एनएफसी करून घ्या.