आजचे स्लॅशर घाबरवतच नाहीत

गंगापूररोडकर:
स्लॅशर म्हणजे एक मारेकरी एकेकाला गाठून मारत सुटतो तो सिनेमा. आता मारेकरी पाचव्या मिनिटाला समोर, दहाव्याला कुणाची तरी आतडी बाहेर. पुढचा दीड तास बघायचं काय? जॉन कार्पेंटरचा १९७८चा ‘हॅलोविन’ काढा. रक्त जवळपास नाहीच. मुखवटा म्हणजे ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा बाजारातला रबरी चेहरा, पांढरा रंगवलेला. संगीतही दिग्दर्शकाचंच. पण तो खुनी मायकेल भर दुपारी वाळत घातलेल्या कपड्यांत नुसता उभा दिसतो आणि पोटात गोळा येतो. प्रेक्षकाला ताटकळत ठेवायचं कसब होतं ते. आता कुणाला तेवढा दम नाही.

सिडकोची_पोर:
दादा, जुना कचरा लोक विसरले म्हणून जुनं सगळं सोनं वाटतंय. ऐंशीच्या दशकात एकट्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’चे आठ भाग आले. पहिल्यात खुनी म्हणजे मालिकेतला नेहमीचा जेसन नाहीच, त्याची आई आहे. त्याचा हॉकीचा मुखवटा तिसऱ्या भागात उगवला. आठव्याच्या नावात मॅनहॅटन, अन् अर्ध्याहून जास्त सिनेमा बोटीवर! याला सुवर्णकाळ म्हणायचं? त्यापेक्षा २०२२चा ‘एक्स’ बघा. तरुण नटी आणि तिच्यावर जळणारी म्हातारी, दोन्ही मिया गॉथच.

गंगापूररोडकर:
‘एक्स’ अपवाद. पुढच्याच वर्षी मुलांच्या गोष्टीतल्या अस्वलाच्या, विनी द पूहच्या हाती हत्यार दिलं, कारण काय तर मूळ पुस्तकाचे अमेरिकेतले हक्क संपले. एवढ्यावर सिनेमा निघतो?

पंचवटी_लास्ट_शो:
‘टेरिफायर २’ विसरलात काय राव? अडीच लाख डॉलरच्या आसपास खर्च, आणि जखमा, मुंडकी सगळं हातानं घडवलेलं. फाळक्यांच्या नाशकात बसून ट्रिकसीनला नावं ठेवायची म्हणजे कमालच.

गंगापूररोडकर:
फाळक्यांनी १९१७ साली पडद्यावर लंका जाळली ती गोष्टीत जळायची होती म्हणून. ‘टेरिफायर २’मध्ये बेडरूममधला एक खून संपता संपत नाही. किळस येते, मान्य. पण भीती वाटायला पुढे काय होईल हे माहीत नसावं लागतं. इथे काय होणार ते पक्कं ठाऊक असतं, फक्त किती वेळ चालणार एवढाच प्रश्न. आणि सिनेमा दोन तास अठरा मिनिटांचा!

इंदिरानगरवाले:
अर्धा दोष थिएटरचाही धरा. मारेकरी जिन्यावर, अन् पडद्यावर इंटरव्हल. परत येईपर्यंत जिना कुठे होता तेही आठवत नाही. वर पुढच्या रांगेत कुणीतरी मोबाइलवर रील बघतंय.

गंगापूररोडकर:
घरी दिवे घालवून, हेडफोन लावून बघतो हो. मोबाइलवरून आठवलं. आताचे लेखक ‘इथे रेंज नाही’ म्हणून मोकळे होतात. ‘हॅलोविन’मध्ये मैत्रिणीचा फोनच्याच वायरनं गळा आवळला जातो आणि पलीकडे नायिका लॉरीला वाटतं, कुणी चेष्टा करतंय. डोकं चालवलं की फोन असूनही घाबरवता येतं.

सिडकोची_पोर:
ताटकळणंच हवंय ना? मग २०२४चा ‘इन अ व्हायोलंट नेचर’ बघा. कॅमेरा खुन्याच्या मागोमाग जंगलातून चालतोय, चालतोय, चालतोय. घाई अजिबात नाही.

गंगापूररोडकर:
पाहिला. चालणं छान आहे. पण ती पोरं कोण, कशी, याचा पत्ता लागायच्या आत मरतात. लॉरी वाचावी असं वाटतं, कारण तिला आपण आधी शाळेत, रस्त्यावर, मुलं सांभाळताना पाहिलेलं असतं. यांच्यातलं कुणी गेलं तर मला काय फरक पडतो?

पंचवटी_लास्ट_शो:
म्हणजे रक्त दिलं तरी तक्रार, थांबून दाखवलं तरी तक्रार. तुम्ही ‘हॅलोविन’च बघत बसा.