रूट नसलेल्या सर्व्हरवर टीमक्स की स्क्रीन? आणि कॉन्फिगरला नेमके कुठले ऑप्शन द्यायचे?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. मी ज्या लिनक्स सर्व्हरवर काम करतो तो बराच जुना आहे, त्यावर मला रूट (अॅडमिनचे अधिकार) नाही आणि टीमक्स, स्क्रीन (कनेक्शन तुटलं तरी टर्मिनलमधलं काम चालू ठेवणारे प्रोग्राम) दोन्ही नाहीत. माझे जॉब दीड-दोन दिवस चालतात. परवा ३१ तास झालेला जॉब घरचं नेट गेलं म्हणून एसएसएच (सर्व्हरशी दुरून जोडणारं कनेक्शन) तुटलं आणि त्याच्यासोबत गेला, तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. नोहप (लॉगआउटनंतरही प्रोग्राम चालू ठेवणारी कमांड) वापरून बघितलं पण माझा प्रोग्राम मधे मधे प्रश्न विचारतो, त्याला उत्तर द्यावं लागतं, सो ते जमत नाही.

तर सोर्समधून कंपाइल करून होममध्येच टाकायचं ठरवलंय. टीमक्सचा टारबॉल (सोर्स कोडची गठ्ठा फाइल) उतरवला, कॉन्फिगर (बांधण्याआधी मशीन तपासणारी स्क्रिप्ट) चालवलं, लिबइव्हेंट ही लायब्ररी सापडली नाही म्हणून थांबलं. मग हेल्प काढून पाहिली तर ऑप्शनची ही एवढी मोठी यादी. त्यातलं कामाचं काय आणि सोडून द्यायचं काय? याशिवाय एक फ्रीबीएसडीचं मशीन आहे आणि माझा स्वतःचा मॅक, तिन्हीकडे एकच सवय राहिली तर बरं. आणि टीमक्सच घेऊ की स्क्रीन?

हलकंफुलकं

अॅडमिनला मेल टाक, पॅकेज टाकायला त्याला दोन मिनिटं लागतात. कंपाइल करण्याआधी एकदा विचारून बघच.

रात्रपाळी

विचारलं होतं. त्या मशीनवर नवीन काही टाकायचं नाही असं धोरण आहे, स्वतःच्या होममध्ये काय हवं ते करा म्हणाले.

मेकफाईल

मग होममध्येच करू, काही अवघड नाही, फक्त क्रम चुकवायचा नाही. टीमक्सला दोन लायब्ररी लागतात, लिबइव्हेंट आणि एनकर्सेस. त्या सिस्टिमवर असल्या तरी त्यांच्या हेडर फाइल (कंपाइल करताना लागतात त्या) बहुतेक नसतील, डेव्हलपमेंटचं पॅकेज वेगळं असतं ना, म्हणून तुझं कॉन्फिगर तिथे अडकलं. शिवाय सी कंपायलर, मेक, पीकेजी-कॉन्फिग (लायब्ररी कुठे आहेत ते सांगणारं टूल) आणि बायसन किंवा याक (पार्सर बनवणारं टूल) लागेल, हे चार आहेत का ते आधी व्हिच कमांडने बघून घे.

प्रीफिक्स (इन्स्टॉल करायची जागा) एकच ठरव आणि तिन्ही गोष्टींना तोच दे, समज होममधलं लोकल नावाचं फोल्डर. आधी लिबइव्हेंट. त्याला ओपनएसएसएल डिसेबल करायचा ऑप्शन दे, टीमक्सला त्याची गरजच नाही आणि नाहीतर ओपनएसएसएलची हेडर शोधण्यात तुझी संध्याकाळ जाईल. मग एनकर्सेस. त्याला पीसी फाइल (पीकेजी-कॉन्फिग वाचतं त्या) एनेबल करायला सांगायचं आणि त्या फाइल कुठे ठेवायच्या तेही सांगायचं, म्हणजे प्रीफिक्समधल्या लिबच्या आतलं पीकेजीकॉन्फिग फोल्डर. हे न सांगितल्यास एनकर्सेस नीट बांधलं जातं, इन्स्टॉल होतं, आणि तरी पीकेजी-कॉन्फिगला त्याचा पत्ताच नसतो. मी यात एकदा अख्खा रविवार घालवलाय. शेवटी टीमक्स, पण त्याच्या आधी पीकेजी कॉन्फिग पाथ हे व्हेरिएबल त्याच फोल्डरवर एक्सपोर्ट करायचं आणि मगच कॉन्फिगर.

टीमक्सच्या यादीत तुझ्या कामाचं प्रीफिक्स सोडलं तर जवळपास काही नाही. सिक्सेल म्हणजे टर्मिनलमध्ये चित्रं, तुला नकोय. स्टॅटिकचा (सगळ्या लायब्ररी बायनरीतच भरण्याचा) मोह होईल, पण ग्लिबसी असलेल्या लिनक्सवर युजरची माहिती काढणाऱ्या फंक्शनवरून लिंकर कुरकुर करतो आणि मॅकवर तर ते चालतच नाही. मॅकवर यूटीएफ८प्रॉक हवं की नको हे मात्र स्पष्ट सांगावं लागतं, न सांगितल्यास कॉन्फिगर पुढे जातच नाही, तिथे ते एनेबल कर.

आणि गिटमधून क्लोन केलं असेल तर कॉन्फिगर फाइल नसते, आधी ऑटोजेन चालवावं लागतं. तू टारबॉल घेतलास ते बरं केलंस.

सिरीयलकेबल

स्क्रीनची बाजू कोणीतरी मांडायलाच हवी. १९८७ पासून आहे, जवळजवळ कुठल्याही युनिक्सवर बांधलं जातं आणि त्याला लिबइव्हेंट वगैरे लागत नाही, टर्मकॅप किंवा कर्सेस मिळालं की झालं. शिवाय स्क्रीनला सिरीयल पोर्टचं नाव आणि वेग दिला की तो सरळ त्या पोर्टला जोडला जातो, राउटर किंवा बोर्डच्या कन्सोलवर काम करणाऱ्यांचा रोजचा उपयोग आहे हा, टीमक्सला हे येत नाही.

पण स्क्रीन कॉन्फिगर करताना सॉकेट (चालू सेशनशी जोडणारी फाइल) ठेवायची डिरेक्टरी नीट ठरवायचीच. ती सिस्टिममधल्या रनखाली ठेवायची म्हटलं तर तुला तिथे लिहिता येणार नाही, आणि तू न ठरवता सोडलंस तर पहिल्याच वेळी डिरेक्टरी बनवता येत नाही किंवा तिचा मोड ७७७ हवा असं काहीतरी म्हणून स्क्रीन बंद पडू शकतो. रूट नसताना स्क्रीनडिर हे व्हेरिएबल होममधल्या एखाद्या फोल्डरवर सेट कर, त्याला ७०० परवानगी दे, विषय संपला. रूट असलेल्या मशीनवर सिस्टिमभर वापरायची स्क्रीनआरसी (स्क्रीनची सेटिंग फाइल) कुठे असेल हेही कॉन्फिगरलाच सांगायचं असतं, नाहीतर ती युजर-लोकलच्या ईटीसीमध्ये शोधली जाते आणि तुम्ही ईटीसीमध्ये लिहिलेलं कोणी वाचतच नाही.

मेकफाईल

सिरीयलचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण रूट असलेलं कोणी हे वाचत असेल तर कळकळीने सांगतो, स्क्रीन सेटयूआयडी रूट (कोणीही चालवला तरी रूटच्या अधिकाराने चालेल असा) करून इन्स्टॉल करू नका. २०१७ मध्ये ४.५.० ला लॉगफाइलच्या वाटेने कोणीही लोकल युजर रूट होऊ शकत होता, आणि २०२५ मध्ये ५.० मध्ये पुन्हा लॉगफाइलशीच संबंधित तसंच भोक सापडलं, ५.०.१ मध्ये बुजवलं. दुसऱ्या युजरचं सेशन शेअर करायचं असेल तरच सेटयूआयडी लागतं, एकट्याने वापरणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

सिरीयलकेबल

हो, यात वाद नाही. मी पण सेटयूआयडी बिट काढूनच वापरतो.

रात्रपाळी

मेकफाईल, सांगितलंस तसंच केलं आणि टीमक्स बांधून झालं!! पण चालवायला गेलो की म्हणतं शेअर्ड लायब्ररी लोड करता येत नाही, लिबइव्हेंट कोअर २.१ डॉट एसओ ७ अशी फाइल सापडत नाही. ती फाइल तर आहे तिथे, मी एलएस करून बघितली, माझ्या लोकलच्या लिबमध्येच आहे.

मेकफाईल

हे मी आधीच सांगायला हवं होतं, माफ कर. बांधताना लिंकरला लायब्ररी सापडली, पण चालवताना लोडर फक्त सिस्टिमच्या ठरलेल्या जागी बघतो, तुझं होम त्याला माहीत नाही. टीमक्सच्या बायनरीवर एलडीडी (लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी कमांड) चालव, त्या ओळीपुढे नॉट फाउंड दिसेल.

बरेच जण एलडी लायब्ररी पाथ बॅशआरसीमध्ये एक्सपोर्ट करायला सांगतील. करू नकोस. ते व्हेरिएबल तुझ्या प्रत्येक प्रोग्रामला लागू होतं आणि तुझ्या लिबमधल्या शेअर्ड लायब्ररी व्हिम, पायथनसारख्या सिस्टिमच्या प्रोग्रामच्या गळ्यात जाऊन पडू शकतात, मग कधीतरी तिसरंच काही मोडतं आणि कारण सापडत नाही. त्यापेक्षा एलडीफ्लॅग्जमध्ये आरपाथ म्हणून तुझ्या लिबचा पूर्ण पाथ दे आणि टीमक्स पुन्हा कॉन्फिगर कर, म्हणजे कुठे बघायचं ते बायनरीतच लिहिलं जातं. किंवा याहून सोपं, लिबइव्हेंट बांधतानाच शेअर्ड डिसेबल कर. एनकर्सेसचं तर मुळातच स्टॅटिक बनतं, शेअर्ड मागितलं तरच शेअर्ड बनतं. दोन्ही टीमक्सच्या पोटात जातात, बाहेर शोधायला काही उरतच नाही. फक्त लिबमधल्या आधीच्या एसओ फाइल काढून टाक, नाहीतर लिंकर पुन्हा त्याच उचलेल.

पुन्हा कॉन्फिगर करण्याआधी मेक डिस्टक्लीन विसरू नकोस. आणि पुढे कधी कॉन्फिगर अडलं की टर्मिनलवरची शेवटची ओळ वाचून गुगल करण्यापेक्षा त्याच फोल्डरमधली कॉन्फिग डॉट लॉग उघड. कंपायलरला दिलेली कमांड, त्याने दिलेली एरर, सगळं त्यात असतं. लायब्ररी सापडली नाही असं वर म्हणतं आणि लॉगमध्ये बघावं तर कंपायलरच धड चालत नसतो, हे मी किती वेळा पाहिलंय.

बेस्टी

फ्रीबीएसडीचं कोणी बोललं नाही म्हणून. तिथे याक बेसमध्येच आहे, बायसन लागत नाही. पण पोर्ट्समधून आलेल्या लायब्ररी युजर-लोकलखाली असतात आणि कंपायलर आपणहून तिथे डोकावत नाही, पीकेजी-कॉन्फिग नसेल तर इन्क्लुड आणि लिब दोन्हींचे पाथ हाताने द्यावे लागतात. ओपनबीएसडीवर असतास तर काहीच करावं लागलं नसतं, टीमक्स २००९ पासून बेस सिस्टिममध्येच आहे.

रात्रपाळी

शेअर्ड डिसेबल करून केलं, एलडीडीमध्ये लिबइव्हेंटचं नावच नाही आता. चालू झालं!! आधी यूटीएफ-८ लोकॅल हवं म्हणून अडलं होतं, लँग सेट केल्यावर सुटलं. धन्यवाद खरंच.

एक किरकोळ गोष्ट, आत लेस उघडलं की टर्मिनल फुली फंक्शनल नाही अशी वॉर्निंग येते.

मेकफाईल

तुझ्या टर्मचं नाव टीमक्स-२५६कलर असं असेल. तुझ्या नव्या एनकर्सेसने स्वतःचा टर्मइन्फो (टर्मिनलच्या क्षमतांची यादी) आणला त्यात ते नाव आहे, म्हणून टीमक्स खूश, पण लेस सिस्टिमचा जुना टर्मइन्फो वाचतो आणि त्यात ते नाव नाही. जुन्या मॅकवरही हाच घोळ होतो. कॉन्फ फाइलमध्ये डिफॉल्ट टर्मिनल स्क्रीन-२५६कलर कर, ते जवळपास सगळीकडे असतं. इटॅलिक हवेच असतील तर नव्या टर्मइन्फोमधली ती एंट्री इन्फोसीएमपी कमांडने काढून टिक कमांडने होममधल्या डॉट टर्मइन्फोत टाकता येते.

त्याच फाइलमध्ये हिस्टरी लिमिट वाढव, मुळात फक्त २००० ओळी असते आणि तुझ्या जॉबचं आउटपुट त्यात मावणार नाही. व्हिममध्ये एस्केप दाबल्यावर अडखळायला होत असेल तर एस्केप टाइम १० कर, ३.५ च्या आधी ते ५०० मिलिसेकंद होतं. बाकी रंगरंगोटी, प्लगइन सगळं नंतर.

रात्रपाळी

मंडळी, अर्जंट. काल रात्री जॉब लावला, डिटॅच केलं (सेशन चालू ठेवून बाहेर पडलो), झोपलो. आत्ता टीमक्स एलएस केलं तर सर्व्हरला कनेक्ट होता येत नाही म्हणतंय. सेशन गेलं का? २० तासांचं काम आहे हो त्यात.

सिरीयलकेबल

घाबरू नकोस आणि मुख्य म्हणजे काहीही किल करू नकोस. पीएसमध्ये टीमक्सचा प्रोसेस दिसतोय का सांग. दिसत नसेल तर सिस्टिमडीने (लिनक्सवरच्या सेवा आणि लॉगिन सांभाळणाऱ्या प्रोग्रामने) लॉगआउटच्या वेळी मारला असेल, २०१६ च्या २३० व्हर्जनपासून ती सेटिंग मुळात चालू असते, पुष्कळ डिस्ट्रो ती बंद करून देतात पण सगळेच नाही.

रात्रपाळी

दिसतोय! माझा जॉबही दिसतोय, सीपीयू खातोय.

मेकफाईल

मग जीव आहे, फक्त दार गेलंय. टीमक्सचा सॉकेट टीएमपीमध्ये टीमक्स-डॅश-तुझा युजर आयडी अशा फोल्डरमध्ये असतो. टीएमपी साफ करणारा एखादा जुना क्रॉन जॉब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारा) असेल, त्याने उडवला. टीमक्स सर्व्हरच्या पीआयडीला यूएसआर१ सिग्नल पाठव. नीट बघ, किल कमांडला डॅश यूएसआर१ द्यायचं, नुसतं किल नाही. सर्व्हर सॉकेट पुन्हा तयार करतो. त्याची मॅन पेजवर नोंद आहे.

रात्रपाळी

आला!!! अटॅच झालं, जॉब जिथे होता तिथेच, वाय की एन म्हणून विचारत उभा होता. हात थरथरत होते टाइप करताना. तुम्हा दोघांचे किती आभार मानू.

आता हे पुन्हा होऊ नये म्हणून सॉकेट होममध्ये हलवू का?

मेकफाईल

टीमक्स टीएमपीडिर या व्हेरिएबलने जागा बदलता येते. पण होम एनएफएसवर (नेटवर्कवरच्या शेअर्ड डिस्कवर) आहे का ते आधी बघ. तेच होम चार मशीनवर दिसत असेल तर एका मशीनवरचा सॉकेट दुसरीकडे नुसता दिसतो, जोडला जात नाही, आणि सेशन मेलं असं वाटून माणूस घाईत भलतंच करून बसतो. त्या मशीनच्या लोकल डिस्कवर स्क्रॅचसारखी जागा असेल तर तिथे ७०० चं फोल्डर कर आणि ते व्हेरिएबल बॅशआरसीत टाक, म्हणजे प्रत्येक लॉगिनला टीमक्स त्याच जागी बघेल. सध्याचा जॉब चालू असेपर्यंत मात्र हे करू नकोस, नाहीतर नवीन शेलमधून जुनं सेशन दिसणार नाही आणि परत इथे अर्जंट लिहिशील.

सिरीयलकेबल

याच मशीनवर पुढे सिस्टिमडीचा त्रास झालाच तर युजरचं लिंगर (लॉगआउटनंतरही युजरचे प्रोसेस चालू राहू देणारी सेटिंग) चालू करून टीमक्स सिस्टिमडी-रनने युजर स्कोपमध्ये सुरू करायचं, म्हणजे लॉगिन सेशनबरोबर जात नाही. स्क्रीनचा सॉकेट असा उडाला तर त्याला चाइल्ड सिग्नल द्यायचा, तोही सॉकेट परत बनवतो.

बेस्टी

अजून एक, टीमक्सचं नवीन व्हर्जन बांधशील तेव्हा जुना सर्व्हर चालू असताना जुन्या बायनरीवर इन्स्टॉल केलंस की नवीन क्लायंट आणि जुना सर्व्हर यांचं पटेलच असं नाही, अटॅच होत नाही कधी कधी. लिनक्सवर प्रॉकमध्ये सर्व्हरच्या पीआयडीखाली ईएक्सई असतं, तेच चालवून अटॅच दे, जुनी बायनरी डिस्कवरून गेली तरी तिथून चालते.

रात्रपाळी

हे लिहून ठेवलं. होम एनएफएसवरच आहे, आत्ताच डीएफ करून बघितलं. स्क्रॅच आहे मशीनवर, जॉब अजून ९-१० तास चालेल, तो संपला की तिथे हलवतो आणि मग मॅकवर बांधायला घेतो.